शेवटच्या स्टेशनाला बाक नाही

पार्से, ११ जानेवारी १९८७

गोकुळदास,

आशीर्वाद पत्राच्या वरच्या अंगाला लिहितात, म्हणून लिहिते. पत्र संपेपर्यंत तो द्यायची इच्छा राहील की नाही सांगता येत नाही, तेव्हा आताच घे.

तुझे नळकांडे पोचले. पोस्टमनने ते सायकलच्या दांड्याला बांधून आणले आणि तिठ्यावर सगळ्यांना दाखवले असणार, कारण नळकांडे घरी यायच्या आधी शेजारचा बाबली सोप्यावर येऊन बसला होता. फेरीबोटीवर दोर टाकायचे सोडून तो आमच्याकडे काय येते ते बघत असतो. आत निळ्या रेघांचा कागद, उलगडला तर अर्धा सोपा भरला. त्याला गोठ्यातल्या मुताचा वास येतो. मी म्हटले, कलकत्त्याहून म्हशीचे मूत पाठवायला एवढे तिकीट लागते का. तनया म्हणाली, आजी, हा पप्पांच्या ऑफिसचा वास. आणि तिने नाक लावून तो हुंगला.

नकाशा तिनेच सगळ्यांना समजावून दिला. तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेस ते तिला पाठ झाले आहे. जमिनीखालून जाणाऱ्या आगगाडीचे हे शेवटचे स्टेशन, अजून कागदावरच आहे, आणि ते आखायचे काम पप्पांकडे. वर रस्ता, रस्त्याच्या पोटात तिकिटांचा मजला, त्याच्या खाली फलाट. फलाट मधोमध, नदीतल्या जुव्याच्या बेटासारखा, आणि दोन्ही अंगांना रूळ. फलाटाच्या दोन्ही टोकांना जिने. एक जिना आपोआप वर सरकतो, तो फक्त वर, खाली नाही. वारा ओढायची खोली वेगळी. फलाट संपला तरी रूळ थोडे पुढे जातात, कात्रीसारखे एकमेकांवरून जातात आणि भिंतीशी थांबतात. माणसे उतरवून गाडी रिकामी तिथे जाते आणि दुसऱ्या रुळावरून परत येते. बाबलीने विचारले, भुयारात एवढी गाडी वळते कशी. तनया म्हणाली, वळावे लागत नाही, तिला दोन्हीकडे तोंडे असतात. मी म्हटले, ओळखीची वाटते. कोणी हसले नाही. मी हसवायला बोलले नव्हते.

बाबलीचा आणखी एक प्रश्न होता. एवढे खोल खणायच्या आधी तिथल्या राखणदार देवाला गाऱ्हाणे घातलेय का. तनया म्हणाली, पप्पांना विचारून सांगते. तेव्हा सांग बाबा, घातलेस का. बाबलीची झोप उडाली आहे.

नकाशा वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलास. वाढदिवस डिसेंबरात झाला. तेव्हा भाषेच्या भांडणात रस्त्यांवर माड आडवे पाडलेले होते, बसेस बंद, टपाल कुठून येणार. त्याचा दोष तुला देत नाही. तुला द्यायला दुसरे पुष्कळ आहेत.

माझ्यासाठी त्यात एक अक्षर नव्हते. गेल्या गणेशचवथीला भांडून गेलास ते अजून धरून बसला आहेस. गावात मी सांगते की आमचे भाषेवरून वाजले. मुलगा कोंकणी म्हणतो, आई मराठी म्हणते. हे लोकांना पटते. या वर्षी घरोघरी तेच चालू आहे, भाऊ भावाच्या पंगतीला बसत नाही, त्यामुळे आपलेही त्यातच खपून जाते. कोणी वाईट म्हणत नाही, उलट मला मान देतात. खरे कशावरून वाजले ते तुला माहीत आहे आणि मला. मी विचारले होते, मुलीला कधी नेतोस. तू म्हणालास, आई, आपली खरी मातृभाषा कुठली ते आधी ठरव.

ते तू ठरव. माझा प्रश्न तिथेच आहे. तीन वर्षांमागे दीपा गेली, पोर आईविना झाली, तेव्हा तिला आणून सोडलेस आणि म्हणालास, घर बदलून होईपर्यंत ठेव. घर बदललेस. बायको बदललीस. आता भाषा बदललीस. पोर तेवढी जागच्या जागी आहे.

मला गुडघ्यांनी उठवत नाही, उजव्या डोळ्यावर पडदा आला आहे. मुलीची जात, नऊ संपून दहावे लागले. तिला बाप लागतो की आजी पुरे, हे मला कळायला हवे. तिलाही कळायला हवे. नेणार असलास तर कधी, ते लिही. स्टेशनाबद्दल लिहू नकोस.

आई


पार्से, १० फेब्रुवारी १९८७

गोकुळदास,

स्टेशनाबद्दल लिहू नकोस म्हटले तर तू स्टेशनाबद्दलच लिहिलेस, आणि तेही तिला. बरे. मग मीही स्टेशनाबद्दल लिहिते.

तुझे स्टेशन आता आमच्या अंगणात आहे. सुगी झाल्यावर मी खळे शेणाने सारवून घेतले होते, त्यावर तिने रांगोळीने तुझा नकाशा उतरवला आहे. फलाट, दोन्ही जिने, तिकिटांची दारे, सगळे. रूळ म्हणून माडाच्या झावळीतल्या हिरांच्या ओळी. गाडी म्हणजे सुपारीच्या झाडाची गळून पडलेली पोय, तिला दोरी बांधली आहे. माणसे म्हणजे काजूच्या गेल्या वर्षीच्या बिया. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि माणसे उतरवते. मला पलीकडे विहिरीवर जायचे तर कुंपणाच्या कडेकडेने जावे लागते. एकदा फलाटावरून गेले तर म्हणाली, आजी, तू रुळार पडतलंस.

तू तिला लिहिलेस की शेवटच्या स्टेशनाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तिथे सगळेच उतरतात. मधल्या स्टेशनात चार उतरतात, चार चढतात. शेवटच्यात गाडी पुरती रिकामी होते आणि तेवढीच माणसे चढायला उभी असतात, दोघांची एकाच जिन्यावर गाठ पडते. म्हणून तू उतरणाऱ्यांना एका टोकाच्या जिन्याने काढतोस आणि चढणाऱ्यांना दुसऱ्या टोकाने आणतोस. मध्ये कठडा. हे चांगले केलेस. चोपड्याच्या धक्क्यावर फेरी लागली की काय होते ते तू लहानपणापासून बघितले आहेस, मासळीच्या पाट्या एका अंगाने आणि नवरानवरीचे वऱ्हाड दुसऱ्या अंगाने. माणसे बाहेर कशी काढावीत ते तुला जमते. यात मी टोमणा मारत नाही. मारला असता तर तुला कळला असता.

पण एक गोष्ट झाली ती सांगते. तिने सगळा फलाट तपासला, कागदावरची एकेक खूण मला विचारली, मला काय कळणार. मग म्हणाली, "आजी, हय बसूक जागाच ना." मी म्हटले, असेल गो कुठेतरी कोपऱ्यात. ती म्हणाली, ना. आपल्या घराला सोपो आहे, देवळाला आहे, चोपड्याच्या धक्क्यावर पिंपळाखाली बांक आहे, पेडण्याच्या बसला झाडाखाली दगड आहे. इथे काहीच नाही. एवढी माणसे येतात ती बसतात कुठे. तिने नारळाची एक करटी पालथी घातली फलाटाच्या मधोमध आणि एक बी तिच्यावर ठेवली. मी विचारले, हा कोण. म्हणाली, कोणी नाही, उगाच.

तू तिला उत्तर पाठवलेस की जमिनीखालच्या स्टेशनाला बाक ठेवत नाहीत. गाड्या लागोपाठ येतात, थांबायची वेळच येत नाही. आणि बाक असले की माणसे बसून राहतात, वाट अडते. जागा महाग असते. सगळे हलते राहिले पाहिजे.

पत्र वाचून तिने करटी उचलली. अंगणात आता तुझ्या नकाशाप्रमाणेच आहे सगळे. तू इंजिनियर, तुला पुढचे कळते. मी तिसरीपर्यंत देवळातल्या शाळेत गेले. तरी विचारते, ज्याची गाडी लागोपाठ येत नाही त्याने उभे कुठे राहायचे.

तुमचा कोंकणीचा कायदा झाला, गावात दोन घरी पेढे आले आणि दहा घरी चूल नीट पेटली नाही. मराठीलाही बाजूला पाट मांडला आहे म्हणतात. आमच्या देवळातले भजन काही बंद पडले नाही. तू आनंदात असशील.

नेणार कधी ते अजून लिहिले नाहीस.

आई


पार्से, १७ मार्च १९८७

गोकुळदास,

हे पत्र रागाने लिहिते आहे. आधीची रागाने लिहिलेली नव्हती.

तुझी चिठ्ठी शिगम्याच्या आदल्या दिवशी आली. नवा नकाशा, सुधारलेला, आणि त्याच्या कडेला तू आपल्या हाताने कोंकणीत लिहिलेस: "तनया, तूं थंयच राव. आजयेक वाज हाडूं नाका." थंयच म्हणजे तिथेच, तुझे राव म्हणजे आमचे रव, आणि पुढे, आजीला सतावू नकोस. माझी काळजी तुला पहिल्यांदाच वाटली, ती मी जपून ठेवते.

पत्र पोरीने वाचले. ती मराठी शाळेत जाते, पण घरात आम्ही बोलतो तेच तू लिहिलेस, तिला समजायला काय अडचण. ती उठली, आत गेली, दीपाची कापडी पिशवी खुंटीवरून काढली आणि तिच्यात आपले फ्रॉक भरले. शाळेचा, देवळात जायचा, दोन्ही. कंगवा. तुझा जुना नकाशा घडी घालून. आणि सोप्यावर येऊन बसली.

मी म्हटले, हे काय चालले आहे.

ती म्हणाली, पप्पा येतले. तेनी चिठ्ठीत बरयलां, रव म्हणून.

मी म्हटले, अगो, ते तसे नाही.

"आजी, जो येवचो आसता तोच रव म्हणता."

यावर तू काय म्हणाला असतास ते मला लिही. ज्याला यायचे असते तोच थांब म्हणतो, तिचा हिशेब सरळ आहे.

तिने शिगमो बघितला नाही. रोमटाची मिरवणूक आपल्या दारावरून गेली, ढोल, निशाणे, सगळी पोरे मागे. पलीकडच्या घरातल्या भाग्यलक्ष्मीच्या मुली हाका मारून थकल्या. ही सोप्यावरून उठली नाही, कारण ही रोमटाबरोबर गेली आणि तेवढ्यात पप्पा आले तर. दुसऱ्या दिवशी शाळेत जाते म्हणाली, पण पिशवी घेऊन गेली. मास्तरांनी विचारले, कुठे निघालीस. तिने सांगितले, कलकत्त्याला. मास्तर येऊन माझे अभिनंदन करून गेले. त्यांना मी चहा दिला. काय करणार.

आता माझे ऐक. मी ही बोली सत्तर वर्षे बोलते. हिच्यात गुरे हाकली, हिच्यात तुझ्या बापाशी भांडले, हिच्यात कळा देऊन तुला जन्म दिला, तेव्हा मराठीत ओरडले नव्हते. ती माझी नाही असे मी कधी म्हटले नाही, तूच तसे समजून गेलास. पण तिच्यात एक खोट आहे ती तुझ्या चिठ्ठीपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. मराठीत थांब वेगळे आणि राहा वेगळे. आमच्यात दोन्हीला रव. फेरीबोटवाल्यालाही रव आणि घरात आलेल्या सुनेलाही रव. इतकी वर्षे अडले नाही, कारण बोलणारे माणूस समोर असते. त्याच्या तोंडाकडे बघितले की कळते हा कुठला रव. कागदाला तोंड नसते, गोकुळदास.

मला माहीत आहे तू कुठला लिहिलास. माझ्या बहिणीचा गुरुदास म्हापशाहून आला होता, त्याला तुझे सगळे कळते. तुला तिकडे मूल होणार आहे, जागा दोन खोल्यांची आहे, तुझी ती म्हणते की मोठी मुलगी परक्या शाळेत, परक्या भाषेत कशी रुळणार. तिचे नाव मला लिहिता येत नाही असे नाही. ती चुकीचे बोलते असेही नाही. पण ते तू मला लिहायला हवे होतेस, मराठीत, सरळ, की आई, तिला तिथेच राहू दे, मी नेत नाही. तेवढा धीर तुला झाला नाही म्हणून तू असा शब्द निवडलास की ज्याला जे हवे ते त्याने वाचावे. मला राहा, तिला थांब. हे तू मुद्दाम केलेस का चुकून, ते तुझे तुला ठाऊक. मुद्दाम असेल तर तू वकील व्हायला हवा होतास.

एक ओळ लिही. कुठल्याही भाषेत लिही, बंगालीत लिही, मी मास्तरांकडून वाचून घेईन. थांब असेल तर कधीपर्यंत. राहा असेल तर राहा. पण तिला लिही, मला नको. तुझ्या वतीने अर्थ सांगायला मी दुभाषी नाही.

पिशवी अजून भरलेली आहे. रोज घालायचा फ्रॉक ती तिच्यातून काढते आणि संध्याकाळी धुऊन परत तिच्यात ठेवते.

आई


पार्से, ४ जून १९८७

गोकुळदास,

तुझे उत्तर मला आले, तिला नाही. "राहा या अर्थी लिहिले होते. तूच तिला सावकाश सांग, तू तिला ओळखतेस." मराठीत लिहिलेस. कामापुरती मराठी तुला अजून येते, बघून बरे वाटले.

सावकाश सांगायचे मी ठरवले होते. एप्रिल गेला, काजूचे दिवस गेले, मे गेला. मी रोज म्हणायची, आज सांगते. ती रोज पिशवी सोप्यावर आणायची आणि रोज आत न्यायची. शेवटी शेवटी आणायची विसरायला लागली होती. मला वाटले, चला, न सांगताच सुटेल. पोरांचे असेच सुटते पुष्कळदा.

मग गुरुदास आला. गोव्याचे राज्य झाले त्याच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी. तो पणजीला रोषणाई बघायला गेला होता. आम्ही दोघी अंगणात कोकमाची सोलां गोळा करत होतो, वर ढग आले होते आणि दोन पाट्या अजून सुकायच्या होत्या. त्याने येऊन कोकमाच्या बियांवर पाय दिला, शिव्या खाल्ल्या, आणि मग मोठ्या आनंदाने सांगितले, मावशी, गोकुळदास पणजीत भेटला. गर्दीत होता, कलकत्त्याहून मुद्दाम आला, आपल्या कोंकणीवाल्या मंडळींबरोबर, गळ्यात माळा, हातात लाडू. आम्ही गळाभेट घेतली. म्हणाला, लगेच परतायचे आहे, कामे आहेत.

गुरुदासात वाईट काही नाही, फक्त डोके नाही. तनया समोर होती हे त्याला दिसलेच नाही.

तिने सोलांची पाटी खाली ठेवली. विचारले, "पणजीसून हय येवक किती वेळ लागता?"

गुरुदास म्हणाला, काय गो, म्हापशाची बस, शिवोलीची बस, फेरी, जेवायच्या आत माणूस घरी. आणि मग त्याने माझ्याकडे बघितले आणि त्याला उमजले. तो चहा न घेता गेला. मी चहा ठेवला नव्हताच.

तू नदीच्या पलीकडपर्यंत आलास, गोकुळदास. मी तुला माफ करणार असते तर कारण शोधले असते. गर्दी, धावपळ, परतीचे तिकीट. शोधले नाही.

तेव्हा मी तिला सांगितले. सावकाश वगैरे नाही. सोलांचे हात पदराला पुसले आणि तिला समोर बसवले, आणि आमच्या बोलीत नाही, शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत सांगितले, कारण तिथे दोन शब्द मिळतात. म्हटले, "तुझे पप्पा येणार नाहीत. त्यांनी थांब म्हटले नव्हते, राहा म्हटले होते. थांबू नकोस."

ती रडेल असे मला वाटले. रडली असती तर मी काहीतरी केले असते, पेज दिली असती, दोन धपाटे दिले असते. तिने सोलांचे हात फ्रॉकला पुसले. मग विचारले, हे तुला कधीपासून माहीत होते. मी म्हटले, शिगम्यापासून. ती म्हणाली, मग मी शिगमो बघायला गेले असते.

बस, एवढेच बोलली. याचा अर्थ मी तुला समजावणार नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणातले स्टेशन तिने स्वतः काढून टाकले. पाऊस येणारच होता, त्याने ते धुऊन नेले असते, पण ती थांबली नाही. झाडणी घेऊन फलाट, जिने, रूळ सगळे एका बाजूला लोटले. बिया वेचून सुपात घेतल्या आणि मला म्हणाली, भाज. मी न्हाणीच्या चुलीत भाजल्या. तुझ्या स्टेशनातली सगळी माणसे आम्ही दोघींनी मिठाबरोबर खाल्ली. थोडी खवट होती, गेल्या वर्षीची ना.

ज्यांचे नाव गाव तुला माहीत नाही अशी माणसे आगीत, गर्दीत, भुयारात अडकू नयेत म्हणून तू चार चार वाटा काढतोस. कठडे घालतोस, जिने मोजतोस. ते काम तू मनापासून करतोस, मला कागदावरून दिसते. म्हणजे तुला येत नाही असे नाही.

नवे मूल झाले असले तर त्याला आशीर्वाद. त्याचा काही अपराध नाही.

आई


पार्से, २० ऑगस्ट १९८७

गोकुळदास,

तुझे लांबलचक पत्र पोचले. मराठीत, माझ्या नावावर, तीन पाने. तेवढे तू कॉलेजात असतानाही लिहिले नव्हतेस.

समजले. कलकत्त्यातले स्टेशन बाजूला पडले, तो फाटा आता होत नाही, तुझे सगळे कागद कपाटात गेले. वाईट वाटले, खरेच. एवढे दिवस माणसे कुठून उतरतील, कुठून चढतील याचा विचार केलास आणि तिथे आता कोणी उतरणारच नाही. मेहनत वाया गेली की कोणालाही लागते. इकडे राज्य झाले, खाती वाढली, तुला पणजीत जागा मिळाली. मुलगी झाली. तुझ्या तिची तब्येत बरी नसते, घरात हाताखाली मोठे कोणी असले तर बरे. तनयेला पणजीत चांगली शाळा मिळेल. चवथीला सगळी येतो, गणपती विसर्जन झाला की तिला घेऊन जातो. आणि शेवटी, आई, आता मी तिला न्यायला येतो आहे, तू हेच मागत होतीस.

मागत होते. जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चमध्ये. नाही कशी म्हणू.

घरात हाताखाली मोठे कोणी, हे तू लिहून गेलास. तीन पानांत एवढीच ओळ विचार न करता लिहिलेली आहे, म्हणून मी तीच खरी धरली. मग वाटले, ते अन्यायाचे होईल. माणूस पत्र लिहिताना दमतो, काहीबाही लिहितो. तुझ्या पत्रात दुसरेही आहे, दीपाचे आहे, तुला झोप लागत नाही ते आहे. ते मी वाचले. दोनदा वाचले. पण मुलगी माझी नाही, की मी पत्र तोलून देऊ किंवा ठेवू. दहावे चालू आहे, पत्र वाचता येते. तिला दिले.

ती तण काढून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. भाग्यलक्ष्मीच्या शेतात सगळ्या पोरींबरोबर जाते, कामापेक्षा दंगा जास्त करतात. आल्यावर न्हाणीत पाय धुतले, ओटीवर बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. दिवाबत्तीची वेळ होती. मी तोंडाकडे बघत होते, पण तिने तोंड पत्राआड धरले होते. शहाणी होत चालली आहे.

वाचून झाल्यावर घडी घातली, मला परत दिली. म्हणाली, उद्या रानात जायचे आहे, गणपतीवर बांधायच्या माटोळीला कांगलांची फळे आणायची आहेत, भाग्यलक्ष्मीच्या मोठ्या मुलीला जागा माहीत आहे, तर जाऊ का. मी म्हटले, जा. पण पत्राचे काय. बापाला काय लिहू.

तिने कळशी उचलली. मग म्हणाली, "सांग पप्पांक, मी हय रवतंय."

मी म्हटले, अगो बाय, नीट सांग. कुठले रवतंय. थांबतेस, की राहतेस. मला लिहायचे आहे, मी कोणते लिहू.

ती म्हणाली, "तू तसांच बरय. तेंची भास आसा, तेंका कळतलां."

आणि पाण्याला गेली.

मी तिच्या मागे विहिरीवर गेले नाही. जायला हवे होते असे तू म्हणशील. मी म्हणेन की उत्तर तिने तुला दिले आहे, मला नाही, आणि तुझ्या पत्राचे उत्तर मध्येच उघडून बघायचा अधिकार मला नाही. ती विहिरीवर कशी उभी होती, पाणी काढताना गात होती की नव्हती, परत आल्यावर दीपाची पिशवी कुठे होती, हे सगळे मी बघितले. मला कळायचे ते कळले. तुला लिहिणार नाही. तू मला एकदा म्हणालास, तूच तिला सांग, तू तिला ओळखतेस. आता तुझी पाळी. तीन वर्षे ओळखायला पुष्कळ होती.

चवथीला या. सगळी या, तान्हीला घेऊन या, तिच्यासाठी मी पाळणा काढून धुवून ठेवते. तुझ्या बायकोला सांग, इथे मासे नाहीत त्या दिवसांत, पण खतखते आहे आणि पातोळ्या आहेत, उपाशी राहणार नाही. माझे तिच्याशी वाकडे नाही, तिला माझे बोलणे समजत नाही तेवढे बरेच आहे.

आणि मुलीचे उत्तर तिने सांगितले तसे, तिच्याच शब्दांत, वर लिहिले आहे. एक अक्षर मी बदललेले नाही. फेरीतून उतरायच्या आधी त्याचा काय तो अर्थ लावून ये. चुकलास तर मी मध्ये पडून दुरुस्त करणार नाही.

आई